तिवराची वर्तुळे

"खोडाच्या आडव्या छेदात जितकी वर्तुळे, तितकी त्या झाडाची वर्षे."

हे वाक्य मी रोह्याच्या हायस्कुलात अकरा वर्षे लिहून दिले. मुलांनी ते वहीत उतरवले, शेजारी पेन्सिलीने आकृती काढली, आणि मी खाली लाल शाईने सही केली. वाक्य पुस्तकातले होते. मी ते कधी तपासले नव्हते. पुस्तकातले वाक्य तपासायचे असते, हे मला एका निरक्षर बाईने शिकवले. ते कसे, एवढेच येथे लिहितो.

विज्ञान विभागाची म्हणून शाळेत एक खोली होती. तीत एक कपाट, कपाटात एक सूक्ष्मदर्शक. दाढीचे नवे पाते घ्यावे, भेंडाच्या गरात कोवळे खोड धरावे, पाते स्वतःकडे ओढावे आणि निघालेला पातळ काप पाण्याच्या थेंबात सोडावा, असे माझे काम. मुळाचा काप वेगळा, खोडाचा वेगळा. मुळात पाणी नेणाऱ्या आणि अन्न नेणाऱ्या वाहिन्या आळीपाळीने उभ्या असतात. खोडात त्या एकाच जुडीत, पाणी आत आणि अन्न बाहेर. एवढे ज्याला काचेखाली ओळखता आले, त्याला मी उत्तीर्ण करीत असे. आकृती कितीही सुबक असली तरी पुस्तकावरून काढलेली मी फाडत असे. मुले मला भीत. ते मला गैर वाटत नव्हते.

एका मार्गशीर्षात, भर तासाला, ती दारात उभी राहिली. साठीची बाई, गुडघ्यापर्यंत ओचा खोचलेला, डोक्यावर गोणपाटाचे ओझे. शाळेचा शिपाई तिच्या मागे ओशाळून उभा होता. ती त्याची सासू होती.

"खोडं कापणारा मास्तर तूच ना?" तिने विचारले.

मुले हसली. मी त्यांच्याकडे पाहिले, हसणे थांबले.

"तास चालू आहे, बाई."

"चालू दे की. मी काय बंद कर म्हनते? यष्टीत दोन ठिकानी उतरून आलेय. मान मोडली माजी." तिने ओझे टेबलावर आदळले. गोणपाटातून खोडाची एक जाड चकती निघाली. तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीतल्या झाडाची. खाडीच्या चिखलाचा वास खोलीभर पसरला.

तास संपेपर्यंत मी तिला बाकावर बसवून ठेवले. मग ऐकले.

पेणच्या खाडीकाठी तिचे गाव. तेथली शेती समुद्राला बांध घालून मिळवलेली. बांध आहे तोवर भात, बांध फुटला की खारे पाणी. तिचा नवरा एका मालकाचे कूळ म्हणून तो तुकडा कसत असे. कूळकायदा आला. ठरलेल्या दिवशी जमीन जो प्रत्यक्ष कसत होता, तो तिचा मालक होणार होता. नवरा कसत होता. त्यानंतर तीन वर्षांनी पावसाळ्यातल्या उधाणाने बांधाला खांड पडली, शेतात खारे पाणी शिरले, आणि त्याच चिखलात तिवर उगवले. नवरा त्यानंतर वारला. आता मालक म्हणत होता की बांध त्या दिवसाच्या कितीतरी आधी फुटला होता, जमिनीवर तेव्हाच तिवर माजले होते, म्हणून ती कोणीच कसत नव्हते, म्हणून ती त्याची. पीकपाहणीची त्या वर्षांची पाने दप्तरात सापडत नव्हती. का, ते मला ठाऊक नाही. म्हणून लिहीत नाही. शेजारी सगळी त्याच मालकाची कुळे. साक्षीला कोणी उभे राहिना.

मग मालकाने लाकडाचा एक जाणकार आणला. त्याने शेतातले एक तिवर तोडले, एक चकती कापून नेली, वर्तुळे मोजली आणि मामलेदारांपुढे लेखी दिले: झाड एकोणीस वर्षांचे. कायद्याच्या दिवसाला तेव्हा दहा वर्षे झाली होती. म्हणजे त्या दिवशी हे तिवर नऊ वर्षांचे होऊन तेथे उभे असले पाहिजे. बाईचा दावा संपला.

"चुकीचं मोजलंय त्यानं," ती म्हणाली. "उरलेल्या खोडाची ही चकती म्या जावयाकडून कापवून आनली. तू मोज."

मी मोजली. टाचणीने एकेक वर्तुळ टोचत गाभ्यापासून सालीपर्यंत गेलो. एकोणीस.

"बाई, त्यांनी बरोबर मोजले आहे. झाड एकोणीस वर्षांचे आहे. तुमची आठवण चुकते."

तिने माझ्या हातातली टाचणी काढून टेबलावर ठेवली.

"ज्या साली खांड पडली, त्याच दिवालीला माजी नात झाली. मी बालंतिनीचं पानी तापवायला बसायची आनि समोर चिखलात ही बोटाएवढी रोपं दिसायची. नात सात वर्साची हाय. मंग ती बी एकोनीसची असंल. तिचं लगीन लावून दे तूच."

"झाड खोटे बोलत नाही," मी म्हणालो.

"झाड बोलतच नाय, मास्तर. तू बोलतोस."

ती उठली. चकती तिने नेली नाही. "ठेव तुला. उशाला घे," असे म्हणून शेवटच्या गाडीसाठी निघून गेली.

मी माझ्या मताला चिकटून राहणारा मनुष्य आहे. त्या दिवशीही होतो. परंतु चकती टेबलावर पडून होती आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ती पुन्हा मोजली, या वेळी गाभ्यापासून विरुद्ध दिशेला. चौदा.

मी पुन्हा मोजली. चौदाच. पहिल्या बाजूला पुन्हा एकोणीस.

एकच झाड एका बाजूला एकोणीस वर्षांचे आणि दुसऱ्या बाजूला चौदा वर्षांचे असू शकत नाही. मी चकती रंध्याने घासून घेतली, वर लाल शाई फिरवून पुसली. तेव्हा दिसले की वर्तुळे पूर्ण नव्हतीच. कित्येक ठिकाणी दोन वर्तुळे एकमेकांना मिळून एक होत होती. पुढे एकाची पुन्हा दोन होत होती. मी पाते घेतले. तिवराचे लाकूड कठीण. तीन पाती मोडली. चौथ्याने काप निघाला.

सागाच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एकच थर असतो. तो आत लाकूड घालतो आणि बाहेर अन्न नेणाऱ्या वाहिन्या. ऋतू बदलला की त्याचा वेग बदलतो, आणि त्या बदलाचे वर्तुळ उमटते. वर्षाला एक. तिवराचे तसे नव्हते. त्याचा थर थोडे लाकूड, थोड्या वाहिन्या घालून थांबलेला होता. त्याच्या बाहेर दुसरा थर नव्याने उठला होता. तोही थोडे काम करून थांबला होता. त्याच्या बाहेर तिसरा. जुन्या थरांच्या वाहिन्या सालीत न राहता लाकडाच्या पोटात अडकून राहिल्या होत्या. आपण वर्तुळ म्हणून मोजत होतो, ती हीच अडकलेली पट्टी. तिचा वर्षाशी संबंध असलाच पाहिजे, असे काचेखाली कोठेही लिहिलेले नव्हते. पुस्तकात ही गोष्ट मला पुढे सापडली. आधी पात्याखाली सापडली.

रविवारी मी कोलाडला गाडी बदलून पेणला गेलो आणि तेथून तिच्या गावी चालत. ती शेळ्यांसाठी तिवराचा पाला तोडत होती. मला पाहून तिने कोयता थांबवला नाही.

"आलास? नातीला स्थळ आनलंस काय?"

"माझे चुकले," मी म्हणालो. "ते पूर्ण सिद्ध करण्यासाठी मला एक अशी फांदी हवी, जिचे वय नक्की ठाऊक आहे."

यावर मात्र तिने कोयता खाली घेतला. त्या गावातल्या बायका तिवराचा पाला गुरांना घालतात, आणि कोणत्या झाडाची कोणती फांदी कोणत्या वर्षी तोडली, हे त्यांच्या डोक्यात असते. कारण तोडलेल्या जागी पुन्हा फुटवा जून व्हायला किती काळ लागतो, त्यावर पुढच्या वर्षीचा पाला अवलंबून असतो. तिने एक झाड दाखवले. कोयत्याचा जुना घाव, त्याखालून फुटलेली अंगठ्याएवढी फांदी. "ही परवाच्या साली तोडली. ही दोन वर्साची."

मी चिखलात उतरलो. तिवराची मुळे श्वासासाठी चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात. त्यांवर माझे तळवे सोलले. सवयीने एक खुंटी कापून पाहिली. आत स्पंजासारख्या हवेच्या पोकळ्या होत्या. मग फांदी कापली. दोन वर्षांच्या त्या फांदीत पाच वर्तुळे होती.

"मी साक्ष देईन," मी म्हणालो.

"मालक तुज्या शालेत बसतो, ठावं हाय ना?"

ठाऊक होते. मालक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होता. त्याचा पुतण्या माझ्याच हाताखालून अकरावी झाला होता.

ही बातमी माझ्या आधी रोह्याला पोहोचली. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतले. सज्जन गृहस्थ, भित्रे.

"अहो, आपण शाळामास्तर. आपल्याला कोर्टकचेरी कशाला? मालक कार्यकारिणीवर आहेत."

"तिवर कार्यकारिणीवर नाही."

"थट्टा नको. तुमचा सूक्ष्मदर्शकसुद्धा त्यांच्याच देणगीतला आहे."

"म्हणूनच त्यातून दिसले ते त्यांना सांगायला हवे."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा घातली. मी निघून आलो.

सुनावणी पेणला मामलेदारांपुढे झाली. बाई नातीला घेऊन आली होती. पोरीचे पुढचे दोन दात पडलेले होते. "हिला बी लिवून घ्या," ती कारकुनाला म्हणाली, "तिवराची भैन हाय ही." कारकून हसला, मालकाचे वकील हसले नाहीत.

त्यांनी माझ्यापुढे एक वही ठेवली. मालकाच्या पुतण्याची. अक्षर सुरेख होते.

"ही लाल शाईतली सही आपली?"

"माझी."

"तिच्यावरचे वाक्य वाचा."

मी वाचले. जितकी वर्तुळे, तितकी वर्षे.

"हे खरे की खोटे?"

"सागासाठी खरे. तिवरासाठी खोटे."

"वहीत साग आणि तिवर असा भेद केलेला दिसत नाही."

"केलेला नाही."

"म्हणजे आपण इतकी वर्षे मुलांना चुकीचे शिकवलेत?"

मागे बाकावर माझे तीन जुने विद्यार्थी बसले होते. त्यांतल्या एकाच्या वहीचे पान मी याच विषयावर फाडले होते.

"होय," मी म्हणालो. "अकरा वर्षे."

"आणि आज एकाएकी बरोबर सांगता?"

"तेव्हा मी वाचून सांगत होतो. आज कापून सांगतो. आपण स्वतः मोजा."

मी चकती त्यांच्यापुढे सरकवली. वकिलांनी ती हाताने दूर केली. मामलेदारांनी मात्र ओढून घेतली. चष्मा पुसून त्यांनी पेन्सिलीने एकीकडे मोजले, मग दुसरीकडे. मग चकती फिरवून तिसरीकडे. प्रत्येक वेळी वेगळा आकडा आला. त्यांनी जाणकाराला विचारले, आपण कोणत्या बाजूने मोजले? तो म्हणाला, जेथे स्पष्ट दिसत होते तेथे.

"यावरून एकोणीस ठरत नाही, हे मान्य," मामलेदार मला म्हणाले. "पण सात हेही ठरत नाही. वर्षाला एकापेक्षा जास्त वर्तुळे पडतात याला पुरावा काय?"

मी फांदी पुढे केली.

"ही दोन वर्षांची कशावरून?" वकिलांनी विचारले.

"माज्या कोयत्याची खून हाय तिच्यावर," बाई मागून ओरडली. "माज्यावर इश्वास नसंल तं शेलीला इचार!"

सारे हसले. परंतु वकिलांचा प्रश्न योग्य होता. फांदीच्या वयाला तिच्या शब्दाखेरीज आधार नव्हता. माझ्यापाशीही नव्हता. मी एकदा तिचा शब्द पुस्तकासाठी मोडला होता; आता तिच्या शब्दावर पुस्तक मोडत होतो. हे मला तेथे उभ्या उभ्या स्पष्ट कळले.

"आपल्यासमोर फांद्या तोडा," मी म्हणालो. "घावावर खूण करा. वर्षाने त्याच जागचा फुटवा कापा. एक वर्तुळ निघाले तर बाईंचा दावा काढून टाका."

हे बोलण्याचा अधिकार मला नव्हता. जमीन माझी नव्हती. मी मागे वळून पाहिले. तिने पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "तोडा. वरीसभर शेल्या बांधून ठेवीन मी."

मामलेदार स्वतः गावी आले. पाच झाडांच्या फांद्या त्यांच्यासमोर तोडल्या गेल्या. घावांखाली डांबराची खूण केली, दोन्ही बाजूंच्या पंचांनी अंगठे व सह्या दिल्या, आणि तारीख वर्षाने पडली.

ते वर्ष मी पाचवीला भूगोल शिकवून काढले. सुनावणीनंतरच्या सोमवारी माझ्याकडून विज्ञानाचे तास काढून घेण्यात आले. कपाटाची किल्ली मागितली, दिली. संस्थेच्या नावाला मी भर कचेरीत बट्टा लावला, याबद्दल लेखी दिलगिरी मागण्यात आली. मी एका ओळीत लिहून दिले: "मी अकरा वर्षे एक वाक्य चुकीचे शिकवले; ते दुरुस्त करण्यासाठी विज्ञानाचा तास परत मिळावा." मुख्याध्यापकांनी तो कागद दोन वेळा परत पाठवला. मी दोन्ही वेळा तेच लिहिले.

खिशात एक भिंग आणि पात्यांची पुडी घेऊन मी महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या गावी जात असे. तेथे मला करण्यासारखे काही नव्हते. फुटवे कापता येत नव्हते, फक्त पाहता येत होते. ती तर रोज पाहत होती. शेळ्या सुटल्या तर दावा जाईल, म्हणून तिने दाव्यांना दुहेरी गाठी मारल्या होत्या. तरीही भाद्रपदात एका झाडाचा फुटवा कोणीतरी कोयत्याने साफ उडवला. घाव सरळ होता, शेळीचा नव्हता. मी पंचांना आणून दाखवले आणि लिहून घेतले. ती मात्र त्या दिवसापासून घोंगडे घेऊन बांधावरच जेवू लागली. उरलेल्या चार झाडांकडे तोंड करून.

"मास्तर," एकदा तिने विचारले, "एकच निगालं तर?"

"तर मी पुन्हा चुकलो असेन."

"तुजं काय जाईल? माजा तुकडा जाईल."

"होय," मी म्हणालो.

वर्षाने मामलेदार ठरल्या दिवशी आले. मालक आला, वकील आले, जाणकार आला नाही. डांबराची खूण पाहून पंचांनी होकार दिला. मी चिखलात उतरलो, फुटवा बुंध्याशी कापला, बांधावर आणला, नवे पाते लावले. काप काढून तो भिंगासकट मामलेदारांना दिला. आधी स्वतः पाहिला नाही. पाहिला असता तर माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळले असते, आणि ते मला नको होते.

त्यांनी बराच वेळ पाहिले. मग वकिलांना दिले. वकिलांनी पाहून भिंग माझ्याकडे परत केले. "दोन पूर्ण," मामलेदार म्हणाले, "आणि तिसरे बसू लागले आहे. एका वर्षात." उरलेल्या तीन झाडांचेही कापले. एकात दोन, दोहोंत तीन. एकच वर्तुळ असलेला त्यांत एकही नव्हता.

निकाल तेथे दिला नाही. पंधरा दिवसांनी कचेरीत दिला. तिवरावरून जमिनीचे पडीकपण ठरत नाही; पडीकपणाचा दुसरा पुरावा मालकाने दिलेला नाही; कुळाचा ताबा ग्राह्य. मालकाने वर अपील केले. तेही फेटाळले गेले. शेजारच्या कुळांपैकी दोघे त्यानंतर तिच्याशी बोलू लागले आणि खांड बुजवायला आले. तिसऱ्या पावसाळ्यात खार धुऊन गेल्यावर तिने भात लावले.

तिवर काढण्याच्या दिवशी मी तेथे होतो. शेतातली सगळी झाडे तिने मुळांसकट उपटवली. बांधाबाहेरच्या एकाही झाडाला हात लावू दिला नाही.

"ती का ठेवली?" मी विचारले.

"भायेरच्या तिवराची मुलं चिखल धरून ठेवतात, म्हनून बांध ऱ्हातो. तुला खोड तेवडं ठावं. मुलं अजून शिकायचीत तुला."

मला विज्ञानाचा तास निवृत्त होईपर्यंत परत मिळाला नाही. मी मागत राहिलो. दर जूनमध्ये एक अर्ज. ते नाकारत राहिले. दिलगिरी मात्र त्यांना मिळाली नाही.

तास मिळेना, तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. अकरा वर्षांतल्या विद्यार्थ्यांची नावे हजेरीपत्रकावरून उतरवून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊ लागलो. रोहा, कोलाड, पुढची खेडी. एक जण कोलाडच्या नाक्यावर खानावळ चालवीत होता, गल्ल्यावरून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, वही? आता? माझ्या मुलाची दहावी झाली." मी म्हणालो, शोध. त्याने माळ्यावरून काढून दिली. मी उभ्यानेच ते वाक्य लाल शाईने खोडले, खाली लिहिले, "तिवराला लागू नाही; इतर झाडे कापून पाहावीत," आणि सही करून तारीख घातली. पुष्कळांच्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. ज्यांच्या होत्या, त्या सर्व दुरुस्त केल्या. काहींनी मला वेडा म्हटले. चहा मात्र सर्वांनी दिला.

एक वही तेवढी राहिली. मालकाच्या पुतण्याची. ती दाव्याच्या कागदांना पुरावा म्हणून जोडलेली आहे, आणि सुरेख अक्षरात, माझ्या सहीनिशी, चूक तशीच आहे. ती पाहू देण्यासाठी मी कचेरीत तीन अर्ज केले. चौथा या आठवड्यात करणार आहे.